लॅपटॉपचा डिस्क ड्राइव्ह डिस्क वाचेनासा झाला तर: दोष ओळखण्यापासून दुरुस्तीपर्यंत

लॅपटॉपमधल्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हने डिस्क वाचणं बंद केलं की बहुतेक जण दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर लगेच नवा ड्राइव्ह शोधायला लागतात, नाही तर इंटरनेटवर सापडतील ते ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी सॉफ्टवेअर, उतरवून बसवत सुटतात. दोन्हींत मुख्य काम राहून जातं. दोष डिस्कचा आहे, ड्राइव्हचा आहे की ऑपरेटिंग सिस्टीमचा, हे ठरवलेलंच नसतं. तेवढं आधी ठरलं तर पुढची निम्मी खटपट वाचते, आणि बऱ्याचदा ड्राइव्ह धडधाकट निघतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे. अडलेल्या डिस्कवर दुसरीकडे कुठेच नसलेलं काही असेल, घरातले जुने फोटो असोत की कामाची कागदपत्रं, तर ती डिस्क चाचणीसाठी वापरू नका. ती बाजूला एका खोक्यात ठेवा. ड्राइव्ह दुरुस्त झाल्याची खात्री पटल्यावरच तिच्याकडे वळा.

आधी चाचणी, मग उपाय

चाचणीसाठी निरनिराळ्या प्रकारच्या डिस्क गोळा करा. कारखान्यात छापलेली एखादी गाण्यांची सीडी, छापलेली चित्रपटाची डीव्हीडी, आणि घरी बर्न केलेली एखादी सीडी किंवा डीव्हीडी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क मिळाली तर उत्तमच. एकेक टाका आणि काय होतं ते कागदावर लिहून ठेवा. तीन-चार डिस्क फिरवल्या की कोणती कशी वागली ते डोक्यात राहत नाही.

एकच डिस्क अडते आणि बाकीच्या चालतात, तर ड्राइव्हचा नाद सोडा. दोष त्या डिस्कमध्ये आहे.

सीडी चालतात पण डीव्हीडी चालत नाहीत, किंवा उलट होतं, तर दोष बहुधा ड्राइव्हच्या लेझरमध्ये आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. दोन्ही एकाच लेन्समागे बसवलेले असले तरी ते वेगळे स्रोत आहेत. एक थकला तरी दुसरा चालू राहू शकतो. ड्रायव्हर कितीही बदलले तरी हा दोष जात नाही.

छापील डिस्क चालतात पण आरडब्ल्यू आणि दोन थरांच्या डीव्हीडी अडतात, ही खूणही लक्षात ठेवा. छापील सीडीवर पडलेल्या प्रकाशातला ७० टक्क्यांहून जास्त भाग परत फिरतो. सीडी-आरडब्ल्यूवरून जेमतेम १५ ते २५ टक्के, आणि दोन थरांच्या डीव्हीडीवरून १८ ते ३० टक्के. त्यामुळे लेन्सवर धूळ बसली किंवा लेझर क्षीण व्हायला लागला की आधी याच डिस्क बंद पडतात. ड्राइव्ह अजून पुरता गेलेला नसतो, पण त्याची सुरुवात झालेली असते. अशा वेळी लेन्स साफ करून बघणं नक्की फायद्याचं ठरतं.

एकही डिस्क चालत नसेल तर पुढचा प्रश्न असा: ड्राइव्ह लॅपटॉपला दिसतो तरी का? विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडून ड्राइव्हचं चिन्ह आहे का पाहा. चिन्ह असेल आणि डिस्क वाचली जात नसेल, तर आधी आवाज आणि लेन्स यांकडे जा. चिन्हच गायब असेल तर आधी सॉफ्टवेअरकडे.

ही विभागणी पक्की करायची एक खात्रीची युक्ती आहे. उबुंटूसारखं एखादं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. 'इन्स्टॉल' निवडू नका, फक्त 'ट्राय' निवडा, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हात लागत नाही. तिथे डिस्क वाचली गेली तर ड्राइव्ह, लेन्स, केबल सगळं ठीक आहे आणि घोळ विंडोजमध्ये आहे. तिथेही नाही वाचली तर विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. माझ्या मते संपूर्ण तपासात इतकी स्पष्ट उत्तरं देणारी दुसरी पायरी नाही, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

ड्राइव्ह काय करत असतो

डिस्क आत गेली की लेन्स वर-खाली होत फोकस शोधते. प्रकाश परत आला तर डिस्क आहे, नाही आला तर ट्रे रिकामा आहे असं ड्राइव्ह समजतो. म्हणून लेन्सवर दाट धूळ असेल तर भरलेल्या ट्रेलाही 'डिस्क टाका' असा संदेश येतो. फोकस मिळाल्यावर मोटर वेग घेते आणि लेन्स डिस्कच्या मध्याजवळच्या पट्ट्यातून सुरुवातीची माहिती वाचते: ही सीडी आहे की डीव्हीडी, आत काय काय आहे, कुठून कुठपर्यंत आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. हा सुरुवातीचा पट्टा खराब असला तर बाकी डिस्क चकचकीत असूनही ती उघडत नाही.

हे काम किती बारीक आहे ते आकड्यांतून कळतं. सीडीवर माहितीच्या दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर ०.३२. लेन्स अगदी पातळ तारांवर लटकवलेली असते आणि दोन छोट्या कॉइल तिला फिरत्या डिस्कबरोबर क्षणोक्षणी हलवत राहतात. लेन्स साफ करताना हात हलका ठेवायचा तो याच तारांसाठी.

आवाज ऐका

लॅपटॉपचा पंखा शांत असताना कान ड्राइव्हजवळ न्या आणि डिस्क टाका.

डिस्क वेग घेते, मंदावते, पुन्हा वेग घेते आणि दोन-चार वेळा असं होऊन थांबते: ड्राइव्हला डिस्क दिसते आहे, पण सुरुवातीची माहिती वाचता येत नाही. मळकी लेन्स, क्षीण लेझर किंवा खराब डिस्क, या तिन्हींत हेच ऐकू येतं. तुमच्या चाचणीचा कागद इथे कामी येतो.

काहीच आवाज नाही आणि दिवाही लागत नाही: वीज पोहोचत नाही, कनेक्टर सैल झाला आहे, किंवा बॅटरी वाचवण्यासाठी ड्राइव्ह बंद केला गेला आहे. काही लॅपटॉपमध्ये उत्पादकाचं वीज व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर चार्जर नसताना ड्राइव्हची वीज तोडतं. आधी चार्जर लावून पाहा.

एकसारखी टकटक किंवा करकर: लेन्सची गाडी रुळाच्या टोकाला आपटते आहे किंवा मध्येच अडते आहे. रुळावरचं वंगण वाळलं, त्यात केस किंवा धागा अडकला की असं होतं.

मोठी घरघर आणि लॅपटॉप थरथरणं: डिस्कचा तोल गेलेला आहे. पुष्कळदा यामागे कागदी स्टिकर असतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये असं मी आग्रहाने सांगेन. ते किंचित तिरकं लागलं तरी तोल बिघडतो, आणि आतल्या उष्णतेने त्याची कड सुटली तर ती ड्राइव्हमध्ये अडकते. डिस्कला मध्यभागी तडा गेला असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. मिनिटाला हजारो फेरे घेताना तडकलेली डिस्क फुटते आणि तुकड्यांनी लेन्स निकामी होते.

डिस्क नीट बसली आहे ना, हेही आताच पाहून घ्या. लॅपटॉपच्या ट्रेवर मध्यभागी जो उंचवटा असतो त्याला स्प्रिंगवरच्या तीन छोट्या गोळ्या किंवा पाकळ्या असतात. डिस्क नुसती ठेवून चालत नाही. दोन बोटांनी भोकाभोवती दाबून 'टक्' आवाज यायला हवा, आणि दाबताना दुसऱ्या हाताने ट्रेला खालून आधार द्यायला हवा. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क नुसती ठेवली की पुरतं, त्यामुळे त्याची सवय असलेली माणसं लॅपटॉपमध्ये हटकून इथे अडतात.

डिस्क साफ करणं

फक्त बोटांचे ठसे आणि धूळ असेल तर स्वच्छ मायक्रोफायबरचं कापड पुरे. पुसायचं ते मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल फिरवून पुसू नका. यामागे कारण आहे. डिस्कवर माहिती लिहिताना चूक दुरुस्त करता यावी म्हणून जादा माहितीही विखरून लिहिलेली असते. मध्याकडून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडीच माहिती झाकतो आणि ती भरून काढता येते. माहितीच्या रेषेच्या दिशेने गेलेला गोलाकार ओरखडा सलग मोठा तुकडा खातो, आणि तेवढा खड्डा भरून निघत नाही. पुसताना चुकून ओरखडा पडलाच तर तो आडवा पडलेला बरा.

चिकट डाग असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब घ्या, धुऊन पाणी निथळू द्या आणि मऊ कापडाने टिपा. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका.

ओरखडे कोणत्या बाजूला आहेत हे फार महत्त्वाचं आहे. सीडीची माहिती चकचकीत बाजूला नसून लेबलच्या लगेच खाली असते. लेबलच्या बाजूने खरवडली गेली तर माहितीच निघून जाते. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला थर गेलेला आहे आणि तो परत येत नाही. डीव्हीडीत हा थर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून लेबलच्या बाजूने ती जास्त सुरक्षित असते. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि वर कडक संरक्षक लेप असतो. म्हणून सीडी-डीव्हीडीसाठी मिळणारं पॉलिश किंवा घासायचं यंत्र ब्लू-रेवर कधीही वापरू नका.

टूथपेस्टने घासायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. टूथपेस्ट ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा पृष्ठभाग खरवडून त्याची कड बोथट करते. दुसरी प्रत हाताशी असलेल्या डिस्कवर हवं तर करून बघा. एकुलत्या एका डिस्कवर मुळीच नको.

लेन्स साफ करणं

सगळ्यात जास्त ड्राइव्ह याच पायरीवर परत जिवंत होतात. लॅपटॉपच्या ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेबरोबरच बाहेर येते, हे आपलं नशीब. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ती आत खोल राहते आणि तिच्यापर्यंत पोहोचायला ड्राइव्ह उघडावा लागतो.

ट्रे बाहेर काढा, मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढा. लॅपटॉप बंदच असेल आणि ट्रे उघडायचा असेल तर पुढच्या पट्टीवर एक बारीक भोक असतं. कागदाची क्लिप सरळ करून त्यात हलकेच सरळ घाला. ट्रे थोडा सुटतो, मग बोटाने ओढा. वीज बंद करायची पायरी गाळू नका. सीडीचा अवरक्त लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो चालू आहे हे कळायच्या आत डोळ्याला इजा होऊ शकते.

ट्रेमधल्या खाचेत एक छोटा निळसर किंवा जांभळट झाक असलेला काचेसारखा मणी दिसेल. तीच लेन्स. बहुतेकदा ती प्लॅस्टिकची असते.

पहिल्यांदा कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याच्या ब्लोअरने तिरकी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण लेन्सवर बसतात. दाबाखालच्या हवेचा डबा वापरायचा झाला तर तो उभाच धरा आणि लांबून मारा. तिरका किंवा उलटा धरला तर आतलं गार द्रव बाहेर उडतं, आणि जवळून मारलेला झोत लेन्सच्या तारा वाकवू शकतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं, म्हणून इथे थांबून डिस्क लावून बघा.

नाही झालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध. कापसाची काडी त्यात बुडवून जास्तीचं झटकून टाका. काडी ओलसर हवी, ठिबकणारी नको. लेन्सवर टेकवून एक-दोन हलके वळसे द्या. दाब इतकाच की लेन्स आपल्या जागी किंचित खाली-वर होईल. मग कोरड्या काडीने तसेच वळसे द्या आणि दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा. कापसाचा धागा राहिला असेल तर पुन्हा ब्लोअर. नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर, काच पुसायचा फवारा यांपैकी काहीही वापरू नका. रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लॅस्टिकची लेन्स कायमची धुरकट करतं.

ट्रे उघडाच आहे तर लेन्सची गाडी ज्या दोन दांड्यांवरून सरकते त्याही बघा. केस, धागा, मळ दिसला तर चिमट्याने काढा. वंगण वाळून घट्ट झालं असेल तर कोरड्या काडीने पुसून प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस अगदी कणभर लावा. स्वयंपाकाचं किंवा शिवणयंत्राचं तेल नको, ते पसरतं आणि लेन्सवर येतं.

ज्या लॅपटॉपमध्ये ट्रे नाही, नुसती फट आहे, तिथे लेन्सपर्यंत हात पोहोचत नाही. त्यासाठी छोटे ब्रश बसवलेल्या साफसफाईच्या डिस्क मिळतात. त्या कोरड्या वापरायच्या आणि एकदाच. कडक ब्रश वारंवार फिरवल्याने लेन्सवर चरे पडतात, आणि काही उत्पादक अशा डिस्क वापरू नका असं स्पष्ट सांगतात. फटीच्या ड्राइव्हमध्ये आठ सेंटिमीटरची छोटी डिस्कही घालू नका, ती आत अडकते.

लॅपटॉप थंड जागेतून उबदार खोलीत आणला असेल तर साफसफाईची घाई नको. लेन्सवर दव धरलेलं असतं. तास-दोन तास तसाच बंद ठेवा, बहुतेकदा आपोआप सुधारतं.

लेझरची शक्ती वाढवण्यासाठी आतला बारीक स्क्रू फिरवा, असाही सल्ला ऐकू येतो. तो स्क्रू कारखान्यात मोजमाप घेऊन लावलेला असतो. अंदाजाने फिरवल्यावर काही दिवस ड्राइव्ह चालतो आणि मग थकलेला लेझर पुरता जळतो. मी हे कुणालाही सुचवणार नाही.

विंडोजमध्ये काय तपासायचं

लिनक्सवर डिस्क वाचली गेली किंवा विंडोजमध्ये ड्राइव्हचं चिन्हच नसेल, तर इकडे या.

लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ड्राइव्हचं नाव दिसतं का पाहा. तिथेही नसेल तर दोष जोडणीचा किंवा ड्राइव्हचा आहे, विंडोजचा नाही.

बायोसमध्ये दिसत असेल तर विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हची ओळ विस्तारा. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा ओळखून स्वतःचाच ड्रायव्हर लावतं. डिस्क ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर उतरवावा लागत नाही, हे लक्षात असू द्या. त्या नावाने इंटरनेटवर जे मिळतं त्यापासून लांबच राहा.

ड्राइव्हच्या नावावर पिवळं चिन्ह असेल आणि गुणधर्मांत कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसत असेल, तर बहुधा एखाद्या जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, सोडलेल्या नोंदी अडसर झाल्या आहेत. त्यांची नावं अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स. त्या काढायच्या आधी सिस्टीम रिस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर मागे फिरता येईल. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या क्रमाने जा आणि ४डी३६ई९६५ ने सुरू होणारं फोल्डर उघडा. उजवीकडे क्लास या नोंदीसमोर सीडीरॉम लिहिलेलं आहे याची खात्री केल्याशिवाय काहीही डिलीट करू नका. शेजारची फोल्डर दिसायला जवळजवळ सारखीच असतात, आणि कीबोर्ड, माउस, हार्ड डिस्क यांच्या फोल्डरमध्येही याच नावाच्या नोंदी असतात. तिथल्या काढल्या तर कीबोर्ड बंद पडू शकतो किंवा विंडोज सुरूच होत नाही. योग्य फोल्डरमधल्या या दोन नोंदी, असतील तेवढ्या, काढा आणि रीस्टार्ट करा. आधीचं बर्निंग सॉफ्टवेअर नंतर पुन्हा बसवावं लागू शकतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक आहे पण 'धिस पीसी'त चिन्ह नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडून ड्राइव्हला अक्षर दिलेलं आहे का पाहा. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर सीडी-डीव्हीडी वाचायला बंदी घालणारं धोरण लागू असू शकतं. 'ॲक्सेस डिनाइड' असं आलं तर ऑफिसच्या तंत्रज्ञांना विचारा.

वाचली जाते, पण चालत नाही

डिस्क टाकल्यावर खिडकी उघडली नाही म्हणजे ड्राइव्ह बिघडला असं नाही. ऑटोप्ले, म्हणजे डिस्क आपोआप उघडायची सोय, बंद असेल. 'धिस पीसी'तून उघडून बघा.

चित्रपटाची डीव्हीडी चालत नाही पण आतल्या फायली दिसतात, याचं कारण बहुधा साधं असतं. विंडोज १० आणि ११ बरोबर डीव्हीडी चित्रपट चालवायची सोय येत नाही. व्हीएलसी हा प्लेअर बसवा, मोफत आहे. ड्राइव्हचा रीजन कोड (जगाच्या कोणत्या भागातल्या डिस्क चालतील ते ठरवणारा आकडा) डिस्कशी जुळत नसला तरीही चित्रपट अडतो. हा कोड जेमतेम पाच वेळा बदलता येतो आणि मग शेवटचाच कायम राहतो, म्हणून गमतीने बदलत बसू नका.

जुना गेम बसवता येतो पण सुरू करताना 'डिस्क टाका' म्हणतो, तर ती सेफडिस्कसारखी जुनी कॉपी संरक्षणाची पद्धत असू शकते. तिला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० पासून सुरक्षेच्या कारणाने नाहीच. मॅकवर असाच प्रकार फार जुन्या मॅक सीडींचा होतो. त्यांची फायली साठवायची मूळ एचएफएस रचना २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून वाचली जात नाही. अशा डिस्क जुन्या कॉम्प्युटरवर लावून बघा.

ब्लू-रे डिस्क डीव्हीडी ड्राइव्हमध्ये कधीच चालणार नाही, तिला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो. ट्रेवर छापलेलं चिन्ह पाहून घ्या.

घरी बर्न केलेली किंवा कॅमेऱ्यात भरलेली छोटी डीव्हीडी फक्त त्याच यंत्रात चालते आणि इतरत्र नाही, तर ती फायनलाइझ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद करायची, राहिलेली आहे. ज्या कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये ती भरली त्यातच फायनलाइझ करून घ्या.

आणि एक धोक्याची जागा. जुन्या लिहिलेल्या डिस्कचा माहितीचा थर खराब झाला की ड्राइव्ह तिला कोरी समजतो आणि विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची आहे? अशा वेळी रद्द करा. 'हो' म्हणालात तर तिच्यावर नव्याने लिहायचा प्रयत्न होईल, आणि आरडब्ल्यू असेल तर होतं नव्हतं ते पुसलं जाईल.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर

इथे सगळ्यात आधी संशय विजेवर घ्यावा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. डिस्क वेग घेताना ड्राइव्हला याहून जास्त लागू शकतात, मग तो सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. हब काढा, थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा, मूळची आखूड केबल वापरा. दोन यूएसबी टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं लावा. ॲपलचा सुपरड्राइव्ह तर थेट मॅकलाच जोडावा लागतो. मग तोच ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. आतल्या ड्राइव्हच्या बाबतीत ही सोय नसते, त्यामुळे तिचा फायदा घ्या.

ड्राइव्ह काढून पुन्हा बसवणं किंवा बदलणं

बायोसमध्येही दिसत नसेल तर एकदा काढून बसवा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तळाशी एकच स्क्रू ड्राइव्ह धरून ठेवतो, त्याच्या शेजारी डिस्कचं छोटं चित्र असतं. वीज आणि बॅटरी काढा, स्क्रू सोडवा आणि ड्राइव्ह बाजूने सरकवत बाहेर ओढा. कनेक्टरवर ब्लोअरने हवा मारा, पिना वाकल्या नाहीत ना ते बघा आणि ड्राइव्ह शेवटपर्यंत सरकवून बसवा. लॅपटॉप एकदा पडला असेल तर कनेक्टर सुटणं अगदी शक्य आहे.

बदलायचा झालाच तर दोन गोष्टी जुळायला हव्यात. जाडी, ती बहुधा १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. आणि कनेक्टर: साटाचा की जुन्या आयडीईचा. पुढची प्लॅस्टिकची पट्टी आणि मागची धातूची पट्टी जुन्या ड्राइव्हवरून काढून नव्याला लावायची, नाही तर तो नीट बसत नाही. रोज लागत नसेल तर आतला तसाच राहू द्या आणि यूएसबीवाला घ्या, असं मी सुचवेन. लॅपटॉप बदलला तरी तो चालतो.

बाजूला ठेवलेली डिस्क

आता तिची पाळी. ड्राइव्ह बाकीच्या डिस्क व्यवस्थित वाचतो आहे याची खात्री झाली की ती हलकेच पुसून लावा. उघडली तर फायली बघत बसू नका, आधी कॉपी सुरू करा. सगळ्या एकदम निवडू नका, एकेक फोल्डर घ्या. एका खराब फायलीवर कॉपी अडली तरी बाकीचं हाती लागतं.

एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, शक्य असेल तर वेगळ्या कंपनीच्या. खराब डिस्क वाचायची प्रत्येक ड्राइव्हची ताकद वेगळी असते आणि एकाला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. वाचण्याचा वेग कमी करता आला तर करा, कडेच्या फायली अडत असतील तर त्याचा विशेष उपयोग होतो.

डेटा डिस्क असेल आणि साधी कॉपी होत नसेल तर लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि मग कठीण जागांकडे वळतं. काय मिळालं आणि काय राहिलं याची नोंद ते मॅप फायलीत ठेवतं. तीच फाईल वापरून तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर फक्त उरलेल्या जागांवर प्रयत्न होतो, आणि दोन ड्राइव्ह मिळून एक पूर्ण प्रत तयार होऊ शकते. गाण्यांच्या सीडीला हे लागू पडत नाही. तिच्यासाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आहे, ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून पडताळून घेतं.

कॉपी झाली की फायलींची संख्या जुळवून थांबू नका. फोटो उघडून बघा, व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत नेऊन बघा. यादीत नाव दिसतं आणि आत अर्धीच फाईल असते, असं खराब डिस्कमध्ये हमखास होतं. सगळं तपासून त्या प्रतीची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली की मगच मूळ डिस्क कव्हरमध्ये घालून, ऊन आणि उष्णता लागणार नाही अशा जागी उभी ठेवा.